नानांचा सात कोर्सचा पाहुणचार

दुकानासमोरच्या टपरीवर चहा आला की नाना आधी खिशातला रुमाल काढायचे, दोनदा झटकायचे आणि मांडीवर पसरायचे. मग कपाकडे बघून सुस्कारा टाकायचे, "बँकॉकला असं नसतं रे."

चहावाला म्हणायचा, "मग तिथंच प्यायचा ना, नाना. परत कशाला आले?"

नाना जळगावातले ठिबकच्या नळ्यांचे मोठे डीलर, मी त्यांच्या काउंटरवर. माल चांगला खपला की कंपनी डीलरांना परदेशात फिरवून आणते, असे फिरून आलेले लोक तुमच्याही गल्लीत असतीलच. नाना बँकॉक, सिंगापूर, दुबई सगळं करून आलेले. आले की महिनाभर आम्ही त्यांच्या तोंडून तिथली हॉटेलं जेवायचो.

"पाणीसुद्धा विचारून देतात. बुडबुड्याचं का बिनबुडबुड्याचं? आणि प्लेट ही एवढी, परातीसारखी. मधोमध एकच घास. वर पान."

"मग पोट कशानं भरतं, नाना?"

"पोट भरायला गावठी लोक जातात."

आतली गोष्ट सांगतो. टूरसोबत स्वयंपाकाला आपला महाराज असायचा आणि नाना रोज वरण-भात खायचे. भारी हॉटेल म्हणजे शेवटच्या दिवशीची कंपनीची पार्टी. तिथंही त्यांनी पान बाजूला सारलं, फोटो काढला आणि घास तसाच ठेवला. फोटो मी पाहिलेत. बठ्ठे, सगळेच्या सगळे!

हे सगळं मी त्यांच्या आवाजात करून दाखवायचो आणि टपरी खदखदायची. पण ताईच्या लग्नाच्या बोलणीत नानांनी जे केलं, त्याची नक्कल करायला मलाही हिंमत लागली.

ताई म्हणजे नानांची एकुलती एक मुलगी. धुळ्याचा मुलगा तिनं स्वतःच पसंत केलेला. त्याच्या घरात मोठ्या काकांचा, आबांचा, शब्द शेवटचा. ते दुपारच्या जेवणाला येणार, जेवून होकार देणार, एवढंच बाकी होतं. घरी भरीत-पुरी केली असती तर तासाभरात सुपारी फुटली असती. पण नानांनी हायवेवरचं नवं एसी हॉटेल घेतलं. सात कोर्स. वेटरांना रांगेत उभं करून सांगितलं, "पाहुणा नको म्हणाला की प्लेट उचलायची. मागं लागायचं नाही. आग्रह गावठी असतो."

आणि मला म्हणाले, "तू मेनू सांग. विमानातल्या बाईसारखा."

आबा घरच्यांना घेऊन आले, पांढरी टोपी, करकरीत धोतर. मी विमानातल्या आवाजात सूप जाहीर केलं. वेटरनं समोर ठेवलं. आबा रिवाजाप्रमाणे म्हणाले, "नको नको, कशाला एवढं?"

वेटरनं उचललं.

आबा बघतच राहिले. मग भरीत आलं, परातीएवढ्या प्लेटमध्ये चमचाभर, वर कोथिंबिरीचं एक पान. आबांनी सवयीनं प्लेटवर हात आडवा धरला, "बस बस." हात तसाच राहिला, खालची प्लेट गेली. मोठ्यांनी घास घेतला नाही म्हणून बाकीच्यांनीही नको म्हटलं. कोणी दुसऱ्यांदा विचारेल म्हणून सगळे वाट बघत होते. कोणी विचारलं नाही. नाना माझ्या कानात कुजबुजले, "बघ, किती शांततेत चाललंय. सेम सिंगापूर."

सातवी प्लेट गेली, तसे आबा उठले. "आम्ही जेवाले उनूत का बघाले?" एवढं पुतण्याला म्हणाले आणि नानांना म्हणाले, "कळवतो."

आपल्याकडे 'कळवतो' म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

पार्किंगमध्ये ताईनं नानांना धरलं. "नाना, ते उपाशी गेले."

"सात प्रकार होते!"

"त्यांनी नको म्हणायचं असतं आणि आपण वाढायचं असतं. आईनं आयुष्यभर काय केलं? मला त्याच घरात जायचंय, नाना. तुम्ही घालवलं."

नानांचं तोंड पहिल्यांदाच बिनबुडबुड्याचं झालं. ताईला घेऊन ते गाडीत बसले आणि मला म्हणाले, "धुळे रोड. पळव."

पारोळ्याच्या अलीकडे एका ढाब्यावर आबांची गाडी दिसली. आत सगळं धुळं शेवभाजीत भाकरी कुस्करत होतं. नाना तडक आत गेले आणि पोरानं धरलेली रश्श्याची बादली हिसकून घेतली. आबांनी मान वर केली.

"नको, नाना."

"घ्या."

"अहो, झालं जेवण."

"झालं कसं? माझ्याकडून कुठं जेवले तुम्ही? माझी शपथ आहे, आबा."

रस्सा थाळीत पडला, धोतरावर पडला. नाना वाकून वाढत होते, कपाळावरचा घाम थेट बादलीत गळत होता आणि एवढा सुटाबुटातला वाढपी बघून गल्ल्यावरचा मालक उठून उभा राहिला होता. शेवटी आबांनी थाळीच उचलून छातीशी धरली आणि ओरडले, "अहो व्याही, पुरे करा! मारता का आता?"

व्याही! ताई गाडीत होती, तिला ऐकू गेलं नाही. मी सांगायला पळालो.

परत आलो तर आबांची माणसं हात धुवत होती आणि नाना पलीकडच्या टेबलावर, मुलीच्या लग्नाशी काडीचा संबंध नसलेल्या एका ट्रक ड्रायव्हरला, शपथ घालून वाढत होते.