भिंतीवरचं अंगण

आमच्या नाटक कंपनीचे पडदे एकच पेंटर रंगवायचा. त्यानं महाल काढावेत, तुरुंग काढावेत, आणि मी त्यांच्यापुढे उभा राहून टाळ्या घ्याव्यात. मला तो शेवटपर्यंत 'राजे' म्हणायचा.

कंपनी बंद पडली. मग वहिनींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, कणा गेला. आतल्या बिनखिडकीच्या खोलीत त्या उताण्या पडून. अंगण भिंतीपलीकडेच होतं, पण त्यांना उचलायची सक्त मनाई. तेव्हा पेंटरनं त्याच भिंतीवर अंगण रंगवलं. लिंबाचं झाड, कपड्यांची दोरी, गळका नळ. उभं राहून पाहिलं तर सगळं तिरपं दिसायचं. उशीवर डोकं टेकलं की अगदी सरळ. पडदा प्रेक्षकांतल्या मधल्या खुर्चीसाठी रंगवायचा असतो. हा एका उशीसाठी होता.

मी भेटायला गेलो, तर वहिनींची तक्रार तयार.

"भावजी, सांगा ना यांना. एवढं अंगण काढलं, त्यात मीच नाही!"

"राजे, तुम्हीच सांगा हिला. पडद्यावर माणूस काढत नाहीत. माणूस पुढे येऊन उभा राहतो."

"मी कुठली आता उभी राहतेय!"

"राहशील. ऑपरेशन होऊ दे."

"ऐका! यांच्यानं नळ दुरुस्त झाला नाही कधी, मला उभं करणार म्हणे. काढलायसुद्धा गळकाच!"

आम्ही हसलो. पण दोरीखालची जागा त्यानं मुद्दाम मोकळी ठेवली होती, हे मला दिसत होतं. ती भरली असती, तर त्यानं आशा सोडली असा अर्थ झाला असता.

पुढच्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. मी सोबत गेलो. ऑपरेशन करण्यात अर्थ नाही, म्हणाले; दिवसही फार उरले नाहीत. घरी आल्यावर पेंटरनं ब्रश भिजवला आणि भिंतीपुढे बसला. दोरीखाली एक पाठमोरी बाई दिसू लागली. आधी खांदे, मग वर उचललेले हात. मी दारात उभा.

वहिनी उशीवरून बघत होत्या.

"डॉक्टर नाही म्हणाले ना?"

ब्रश थांबला.

"बरं," वहिनी म्हणाल्या. "केस काळे काढा. उगाच पिकवू नका."

त्यानं काळा रंग घेतला. मी पुढे होऊन डबा धरला.