लॅपटॉपला पंचामृत

रायपूर राजधानी झालं, नवी कार्यालयं आली, त्यातल्या एकात धाकट्या जावेला नोकरी लागली आणि घरात लॅपटॉप आला. दसऱ्याला सासूबाईंनी हत्यारांची पूजा मांडली. माझ्या शिलाई मशीनला कुंकवाचं एक बोट लावलं, ते घाईतच. लॅपटॉप मात्र उघडून त्याच्या बटणांवर पळीपळीनं पंचामृत! स्क्रीन गेली, बटणं मधानं चिकटली. जावेनं रडून घर डोक्यावर घेतलं. सासूबाईंनी तो आपल्या नव्या लुगड्यावर उपडा ठेवला, पदरानं वारा घालत बसल्या आणि माझ्यावरच उखडल्या, "तुलेच पाहवत नव्हतं न!"

नव्हतंच पाहवत. माझ्या मशीनवर त्यांनी आजवर पंचामृताचा थेंबही सांडला नव्हता.