फळीवर नाव कोणाचं?

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. ऊस कापला की शेतात पाचट राहतंच, तसं आहे हे. मॉरिशसमधल्या आमच्या लालमती गावच्या बैठकेत, म्हणजे आमच्या भजनाच्या आणि सभेच्या खोलीत, मी झाडलोट करायचो. किल्लीही माझ्याकडेच. त्यामुळे माणसं घरी गेली की पाचट माझ्या वाट्याला!

सत्तरची सालं सरत होती, ऐंशीची लागत होती. तेव्हा बैठकेच्या भिंतीवर एक लाकडी फळी होती. कोणीही यावं, आपण काढलेला फोटो लावावा, खाली आपलं नाव लिहावं. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. माझ्यासारख्यांचं वर्तमानपत्र म्हणजे ती फळी. रोज सकाळी झाडू बाजूला ठेवून मी आधी तिच्यापुढे उभा राहायचो.

एकदा भाजीवाल्या गोपाळने बंदरातल्या जहाजाचा फोटो लावला. काय रंग, काय पाणी! लोक बघतच राहिले. मी धूळ पुसायला फोटो उचलला, तर मागे अख्खा महिना, तारखांसकट! अक्षर येत नसलं तरी आकडे मला येत होते; महिना ऑक्टोबरचा, ते शेजारच्याने वाचून सांगितलं.

मी म्हटलं, "गोपाळ, हे कॅलेंडर आहे रे."

तो जरासुद्धा डगमगला नाही. "मग? ऑक्टोबरमध्येच काढलेला फोटो आहे, काका!"

गोपाळवर आम्ही हसलो. पुढच्या खेपेला हसू आलं नाही. जवळच्या सांत्र द फ्लाक शहरातले फोटो स्टुडिओवाले साहेब मोटारीतून आले. त्यांनी लग्नात काढलेला फोटो नवऱ्या मुलाच्या भावाने स्वतःचं नाव घालून लावला होता. साहेब बरोबरच बोलत होते. "दिवसभर उन्हात मी उभा राहिलो, आणि नाव त्याचं?"

आमचे अध्यक्ष धोंडूभाऊ रागीट माणूस. साहेब गेल्यावर म्हणाले, "गावाची अब्रू जाते. आणखी एक तक्रार आली की फळी खाली!"

मला त्या दिवशी भाकर गोड लागली नाही. चोरीचा फोटो ओळखायचा कसा? फोटोमागचा स्टुडिओचा शिक्का तर मला वाचता येत नव्हता.

वाट दाखवली सुमतीने. सुमती कारखान्यात शिवणकाम करायची. पगारातून मागे टाकून तिने कॅमेरा घेतला होता. तिने गाईचा फोटो आणला. मी सहज म्हटलं, "छान आहे."

"छान कसला, काका! याच्या बाहेर आई उभी होती. ओरडत होती, गाईचा काढतेस, माझा नाही!"

माझ्या डोक्यात उजेड पडला. फोटोत काय आहे ते कोणीही सांगेल. फोटोच्या बाहेर काय होतं, ते काढणाऱ्यालाच ठाऊक! त्या दिवसापासून मी प्रत्येकाला तेच विचारू लागलो. निम्मे फोटो दारातूनच घरी परत गेले.

पण महादू आणि सखाराम या दोघा भावांनी मला घाम फोडला. दोघांची आई लिचीच्या झाडाखाली हसतेय, असा एकच फोटो. दोघं म्हणतात, माझा! बाहेर काय होतं, तेही दोघांना पाठ, कारण दोघंही तिथेच होते. शेवटी मी विचारलं, "बटन कोणी दाबलं?"

"मी," महादू म्हणाला.

सखाराम उसळला. "पण आई कॅमेऱ्यासमोर दगड होते दगड! माकडासारख्या उड्या मारून मी हसवली तिला!"

दोघांचंही खरं होतं. खाली लिहून घेतलं: फोटो महादूचा, हसू सखारामचं. आई रोज येऊन बघून जायची.

मग एक मास्तर आले. शिकलेला माणूस, आवाजात वजन. फोटोत तीन मजूरबायका उसाच्या शेतात जेवायला बसलेल्या, पाय पसरून, डबे उघडून, पोट धरून हसताहेत. मी विचारलं, "बाहेर काय होतं, मास्तर?"

"डावीकडे ऊस, उजवीकडे ऊस, मागेही ऊस."

मॉरिशसमध्ये हे उत्तर चुकणार कुठे? मी फोटो लावला.

रविवारी भजनाला सगळे होते, मास्तर आणि सुमतीही. त्या फोटोतलीच भागीमावशी आली. मास्तरांचं नाव कोणीतरी वाचून दाखवलं, तशी ती कपाळावर हात मारून म्हणाली, "आयो! मास्तर समोर असते तर आम्ही पाय पसरून बसलो असतो होय? डोक्यावर पदर घेऊन खांबासारख्या ताठ झालो असतो! हा फोटो सुमतीने काढलाय!"

मास्तरांना अचानक घरचं काम आठवलं. फोटो कुठून उचलला, ते सांगायलाही थांबले नाहीत.

धोंडूभाऊ सुमतीकडे वळले. "तुझी तक्रार आहे?"

माझं लक्ष फळीकडे. सुमतीने ते बघितलं.

"तक्रार कसली, भाऊ? नाव बदला, झालं."

मी ब्लेडने मास्तरांचं नाव खरवडलं. तिने आपलं लिहिलं.

आणि पुढच्याच शनिवारी साहेबांची मोटार पुन्हा दारात! धोंडूभाऊंनी फळी उतरवायला हातोडी घेतली. साहेब सरळ फळीपाशी गेले, हात मागे बांधून उभे. मग त्यांनी त्या तीन बायकांच्या फोटोवर बोट ठेवलं.

"हा माझ्या दुकानाच्या काचेत लावायचाय. तिच्या नावासकट. परवानगी कोणाकडे मागायची?"

मी दाराकडे बोट दाखवलं. सुमती बसची वाट बघत बाहेर उभी होती. साहेब तिच्याकडे गेले, टोपी काढली आणि पुन्हा तेच विचारलं.

सुमतीने त्यांच्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे.

"विचार करून सांगते. आत्ता माझी बस आली. पोर्ट लुईला मावशीकडे जायचंय."

बस गेली. साहेब आत आले, बाकावर बसले आणि हातोडी घेऊन उभ्या असलेल्या धोंडूभाऊंना म्हणाले, "परतीची बस किती वाजता असते हो?"