टीगनच्या घरातला माणूस

सुनेत्रा करंदीकर मुळातच भित्री. लग्न होऊन नाशिकहून लंडनच्या हॅरो भागात आली तेव्हा ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला तिला नवऱ्याचा हात लागायचा. आता ती एका दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते, पण कुणी आवाज चढवला की अजूनही तळहातांना घाम फुटतो. अशा बाईने कौन्सिलकडून, म्हणजे तिथल्या पालिकेकडून, एखादं निराधार मूल फॉस्टरिंगला, घरी सांभाळायला घ्यायचं ठरवलं, तेव्हा तिचा नवरा उदय बघतच राहिला. मुलगा अपूर्व एडिनबराला शिकायला गेला होता, वरची खोली रिकामी होती. "नाहीतर आपण दोघं टीव्हीसमोर म्हातारे होऊ," एवढंच ती म्हणाली.

टीगन आली ती चौदाव्या वर्षी, बरीच घरं बदलून. आधी ताट खोलीत नेऊन दार लावून जेवायची. मग हळूहळू ओट्यापाशी रेंगाळत सुनेत्राचं फोनवरचं मराठी ऐकायला लागली आणि कुणी न शिकवता बोलूही लागली. "काकू, मला भूक लागला," म्हणायची. सुनेत्राने ते कधी सुधारलं नाही.

अठरा पूर्ण झाल्यावर टीगनला तिथेच राहता आलं असतं. पण तिला स्वतःची किल्ली हवी होती. कौन्सिलने तिसऱ्या मजल्यावर एक छोटा फ्लॅट दिला. सुनेत्राने पडदे शिवून दिले, बॉयलर कसा चालवायचा ते दाखवलं, कचऱ्याचा बिन कधी बाहेर ठेवायचा ते सांगितलं.

सुरुवातीला रोज फोन यायचा. मग नुसते मेसेज. मग मेसेजही तुटक, टीगनच्या तोंडी न शोभणारे. कौन्सिलची सल्लागार म्हणाली, "नवं स्वातंत्र्य आहे, जरा स्पेस द्या तिला." सुनेत्राने दिली. पण एका शनिवारी दुपारी ती न कळवता जाऊन थडकली.

दार एका अनोळखी माणसाने उघडलं. तिशीचा, अनवाणी, घरच्यासारखा. मागे पडदे ओढलेले, आत आणखी कुणीतरी खोकत होतं.

"टीगन बिझी आहे. नंतर या," तो म्हणाला.

त्याच्या खांद्यामागे टीगन उभी होती. गाल बसलेले, स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या. ती इंग्रजीत म्हणाली, "मी ठीक आहे. हे माझे फ्रेंड्स आहेत. तू जा." धडा पाठ म्हणून दाखवावा तसं.

जावं, खाली गाडीत बसून दारं लॉक करावीत, असं सुनेत्राला अगदी मनापासून वाटलं. ती वळलीसुद्धा. मग परत फिरली आणि जेवलीस का विचारावं तशा सुरात, हसून, मराठीत म्हणाली, "ही माणसं तुला नकोयत ना इथे?"

टीगनही हसली. "नको, काकू. मला भीती वाटतो. खूप."

"काय म्हणतेय ती?" माणसाने विचारलं.

"जेवणाचं काहीतरी," टीगन म्हणाली.

दवाखान्यात रोज बोलते ते इंग्रजी शब्द सुनेत्राच्या तोंडी आपसूक आले. "आज तिची दाढ काढायचीये. अपॉइंटमेंट चुकली तर आम्ही कौन्सिलला कळवतो. मग त्यांचा माणूस घरी येतो बघायला."

माणसाने टीगनचा फोन तिच्या हातातून काढून घेतला. "झालं की सरळ परत यायचं."

दोघी जिना उतरल्या. पळायचं नाही, असं सुनेत्रा स्वतःला बजावत होती. वर कठड्याला टेकून तो बघत होता. गाडी सुरू होईपर्यंत टीगन सीटवर खाली वाकून बसली होती.

पोलीस स्टेशनात सगळं बाहेर आलं. बसस्टॉपवर ओळख झालेल्या एका पोराने दोन रात्री झोपायला जागा मागितली होती. त्याच्यामागून ही माणसं आली, ड्रग्जच्या पुड्या आल्या, आणि टीगनची किल्ली त्यांच्या खिशात गेली. एकट्या राहणाऱ्या पोरी हेरतात हे लोक, असं पोलीसबाईने सांगितलं. दुसऱ्या दिवशी धाड पडली. एक जण सापडला. दार उघडणारा पसार झाला होता, आणि त्याने सुनेत्राची गाडी पाहिली होती.

टीगन परत वरच्या खोलीत आली. दाराला खुर्ची लावून झोपायची. उदयने घराच्या दाराबाहेर कॅमेरा बसवला. रस्त्यावर अनोळखी गाडी थांबली की सुनेत्रा दिवा मालवून खिडकीआडून बघायची. एकदा तर मनात आलं, ही पोरगी दूर कुठेतरी गेली तर बरं होईल. त्या विचाराची तिला इतकी लाज वाटली की तिने शिरा करायला घेतला. तो टीगनने खाल्ला आणि विचारलं, "तुला पण भीती वाटतो ना? मी जाऊ?"

"वाटते," सुनेत्रा म्हणाली. "पण मी सांगितल्याशिवाय कुठेही जायचं नाही."

पुढे कौन्सिलने दुसऱ्या गावात जागा दिली. पत्ता अपूर्वलाही ठाऊक नाही. टीगनला तिथल्या एका बेकरीत काम मिळालंय.

पोचवायला सुनेत्रा गेली होती. सामान लावलं, खिडक्यांच्या कड्या तपासल्या. निघताना टीगन म्हणाली, "कुणी आला तरी दार नाही उघडणार."

दार बंद झालं. आतून आधी साखळी, मग बोल्ट लागल्याचा आवाज आला. सुनेत्रा तरीही बराच वेळ जिन्यातच उभी राहिली, खालून येणारं प्रत्येक पाऊल ऐकत.