मी आत्याले म्हैस ओढाले लावली

"ए मुकादम, तुह्ये माणसं लाव तिकडं. मेलेलं ओढणं तुमच्याच हाताले जमते."

ठेकेदार हे साऱ्या मजुरांसमोर बोलला, पांढुर्ण्याच्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात. दोघं-तिघं हसले. मीपण हसलो. हे पह्यले सांगून टाकतो, कारण पुढचं सांगताना मी स्वतःले वाचवाले पाहीन.

ऐंशीच्या पुढची गोष्ट. जिनिंगचे मालक नागपूरले जाऊन बसले होते. आवारात माणसाएवढं गाजरगवत, भंगार, साप. नगरपालिकेनं फाटकावर नोटिसा चिकटवल्या, कोणी आलं नाही. मंग पोळ्याआधी साफसफाईचा ठेका निघाला. मी मॅट्रिक झालेला, म्हणून ठेकेदारानं मले मुकादम केलं. आमच्या बौद्ध वस्तीत मी सांगत फिरलो, हे सरकारी काम आहे, गावकीचं नाही. आत्याले मीच घेऊन गेलो. माय गेल्यावर तिनंच मले वाढवलं होतं.

कामाची वाटणी पहिल्याच दिवशी झाली. गवत कापाले, झाडं तोडाले बाकीचे. संडास, नाली, विहिरीतला गाळ आमच्याकडं. यादी मीच लिहिली.

तिसऱ्या दिवशी मागच्या शेडमधी म्हैस सापडली. मरून चार दिवस झाले असतीन. गवत कापणारे नाक दाबून सरकले, अन् ठेकेदार ते बोलला.

दीक्षा घेतली त्या वर्षी आमच्या वस्तीनं मेलं ढोर ओढणं सोडलं होतं. गावानं पाणी तोडलं, मजुरी तोडली. आत्या तवा तरणी होती. दुसऱ्या गावात जाऊन निंदण करत राहिली, पण दोराले हात लावला नाही. हे मी लहानपणापासून ऐकत आलो. तरी तिच्याकडं वळलो अन् म्हटलं, "आत्या, दोर घे."

तिनं मले पाह्यलं. हळूच म्हणे, "नाही घेतला त तुही मुकादमी जाईन का?"

"हो."

तिनं नाकाले पदर बांधला अन् दोर घेतला. मी सावलीत उभा राहून "जोर लावा" म्हणत होतो. सांगाले लाज वाटते. ठेकेदार त परका. पाणी तोडून गावाले जे जमलं नाही, ते माह्या दोन शब्दात झालं.

संध्याकाळी आत्या राखेनं हात घासत बसली. मी म्हटलं, "आत्या, चुकलो."

"याच्यासाठी शिकवलं का तुले, बाबू?" एवढंच बोलली. घासत राह्यली.

दुसऱ्या दिवशी ती कामावर आली नाही. ठेकेदार म्हणे, विहिरीत कुत्रं मरून पडलं, दोन माणसं उतरव.

मी म्हटलं, "भाऊ, तुमचा भाचा गवत कापून राहिला. पह्यले त्याले उतरवा."

"माजला का रे? मुकादम कोणी केलं तुले?"

मी हजेरीचं पुस्तक त्याच्या पायाशी ठेवलं अन् निघालो. आमची सारी माणसं माह्या मागं फाटकाबाहेर आली.

लोक म्हणतात, शाब्बास. कायचं शाब्बास. मी नाही म्हटलं ते एक दिवस उशिरा म्हटलं. आत्यानं मरेपर्यंत मले जेवाले वाढलं, पण माफ केलं असं म्हटलं नाही. मी परत माफी मागितलीही नाही.

आता कुठं ठेका निघाला अन् मेलं उचलाले आमचीच माणसं बोलावली, की मी तिथं जाऊन उभा राहतो. ठेकेदाराकडं नंतर जातो. पह्यले त्याच्या मुकादमाकडं जातो, आमच्याच पोराकडं. त्याले इचारतो, दोर कोणाच्या हातात देऊन राहिला? तो नाव घेईपर्यंत मी हटत नाही.