रुजवात राहू दे

"आधी पाहुणे बाहेर काढ!"

ऑफिसात पहिल्यांदा आलेलं गिऱ्हाईक हे ऐकून दचकायचं. एकदा तर एक बाई खरंच पर्स उचलून दाराकडे निघाल्या होत्या. त्यांना हाताला धरून परत बसवलं आणि सांगितलं, अहो, हे तुम्हाला नाही, मला चाललंय.

मीरा रोडला स्टेशनपासून पाच मिनिटांवर एका गाळ्यात आमचं ऑफिस होतं. आखातात जाणाऱ्यांचे शाळेचे दाखले, लग्नाची सर्टिफिकेटं, नोकरीचे करार, सगळं इंग्रजीतून अरबीत आणि अरबीतून इंग्रजीत करून द्यायचं. मी टायपिस्ट आणि ते भाषांतरकार. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. लिहावंसं वाटत नाही, एवढंच कारण आहे. मी त्यांना काका म्हणायचे. कपाळाला गंध, खिशात चष्म्याचं घर, आणि अरबी अशी फर्डी की गिऱ्हाईकं विचारायची, "चाचा, आप मौलाना हो क्या?"

"नहीं भाई," काका म्हणायचे, "मैं अलिबाग साइड का."

त्यांच्या टेबलावर दोन डिक्शनऱ्या असायच्या. डाव्या हाताला इंग्रजी, विटेएवढी जाड. उजव्या हाताला अरबी, हिरव्या बांधणीची, पाठीवर चिकटपट्ट्यांचे तीन थर. त्यांना कुणी शब्दाचा अर्थ विचारला की ते कधीच सांगायचे नाहीत. हाताने नुसती डिक्शनरी सरकवायचे. मला आधी वाटलं, आळशी आहेत. मग वाटलं, खडूस आहेत. बारावीला इंग्रजीत जेमतेम पास झालेली मी, मला कुणी पूर्ण शब्दकोश हातात देतंय याचीच भीती वाटायची. पण जेवणाच्या सुट्टीत डबा संपला की त्यांनी मला अरबी अक्षरं गिरवायला लावली, आणि सहा महिन्यांत मी उजवीकडून डावीकडे अडखळत का होईना वाचायला लागले.

वाचता आलं म्हणजे डिक्शनरी बघता आली असं नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. तालीम हा शब्द आपल्याकडेही आहे. मी तो 'त'मध्ये शोधत बसले. अर्धा तास गेला. काका शांतपणे चहा पीत होते.

"नाही ना सापडत? सापडणारच नाही. पाहुणे बाहेर काढ. अरबी शब्दाच्या घरात बहुतेक तीनच माणसं राहतात. बाकीची अक्षरं पाहुणी आलेली असतात. पुढचा 'त' पाहुणा, मधली 'ई' पाहुणी. राहिलं काय?"

"ऐन, लाम, मीम."

"मग ऐनच्या घरी जा."

गेले. तिथे तालीम होती, मालूम होतं, आलिम होता, सगळं गोत एकाच पानावर बसलेलं. मला एवढा आनंद झाला की संध्याकाळी आईला शेगडीपाशी उभं करून मी तालीम आणि मालूम एकाच घरातले कसे ते समजावलं. आई म्हणाली, बरं, आता कांदा चीर.

इंग्रजीची गोष्ट वेगळी. तिथे पानाच्या डोक्यावर दोन शब्द छापलेले असतात, आपला शब्द त्या दोघांच्या मध्ये बसतो का ते बघून मगच आत शिरायचं. आणि आत गेल्यावर खालपर्यंत वाचायचं. याबाबतीत ते भारी कडक. मी एकदा 'एक्झिक्यूट'चा पहिलाच अर्थ उचलला आणि कच्च्या कागदावर एका मुखत्यारपत्राला चक्क देहदंड दिला. काका इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "बाय, बिचाऱ्याने नुसती सही केली होती गो. सात नंबरचा अर्थ वाच." पुढे महिनाभर ते मला जल्लाद मॅडम म्हणायचे.

त्यांची आणखी एक शिस्त होती. जो शब्द बघितला त्याच्यापुढे समासात पेन्सिलीने टिंब द्यायचं आणि टिंबाशेजारी त्या कागदाचा फाईल नंबर बारीक अक्षरात लिहायचा. पाठ असलेला शब्दसुद्धा बघायचा, टिंब द्यायचं. मी विचारलं, "काका, तुम्हाला तर झोपेतही येतं हे. मग कशाला?" ते म्हणाले, "उद्या कुणी विचारलं की हा शब्द बघून लिहिलास की मनाने, तर पान दाखवता आलं पाहिजे."

आणि शेवटी रुजवात. टाइप झालेला कागद गिऱ्हाईकाला देण्याआधी एकाने मूळ कागद हातात धरायचा, दुसऱ्याने टाइप केलेलं मोठ्याने वाचायचं, ओळीला ओळ लावायची. मग खाली 'भाषांतर बरोबर आहे' असं लिहून काका सही करायचे. दुकानात कितीही गर्दी असो, समोरचा "अर्जंट है मॅडम" म्हणून कितीही नाचो, रुजवात चुकली नाही. निदान मला तसं वाटत होतं.

हे सगळं ते कुठे शिकले, ते त्यांनी एकदा आमच्या घरी सांगितलं. नवघरला आमच्याकडे जेवायला आले होते. आईने कुळथाची पिठी केली होती, ती त्यांनी तीनदा वाढून घेतली. माझा धाकटा भाऊ संदेश तेव्हा भाईंदरमध्ये टेम्पो चालवायचा आणि त्याच्या डोक्यात आखाताचं वेड शिरलेलं. तो काकांच्या समोरच बसला होता.

"मी क्लार्क म्हणून गेलो," काका म्हणाले, "आणि दोन वर्षं गोदामात गोणी उचलल्या. कागद अरबीत होता. मला काय कळतंय? सही केली. मग पहिल्या पगारात डिक्शनरी घेतली आणि तोच कागद एकेक शब्द करून वाचला. हमाल लिहिलं होतं सरळ."

"मग?" संदेशने विचारलं.

"मग काय. वाचता आल्याशिवाय कशावर सही करायची नाही, एवढं शिकलो. तूपण लक्षात ठेव."

तुम्हीच सांगा, असं बोलणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवणार नाही? मी तर ठेवलाच. आईने ठेवला. संदेश त्यांना खाली रिक्षापर्यंत सोडायला गेला आणि वर येऊन म्हणाला, "ताई, मानला बाबा तुझ्या काकांना."

वर्षभराने संदेशचं काम जमलं. आमच्या ऑफिसला नेहमी कागद आणणारा जो एजंट होता, त्याच्याचमार्फत. करार अरबीत आला. काकांनी इंग्रजी भाषांतर हाताने लिहून माझ्या टेबलावर ठेवलं. ड्रायव्हर, कंपनीची गाडी, शहरातलं काम, राहायला खोली. टाइप करताना माझी बोटं पळत होती. भावाचं नाव मी आधी कधी एवढ्या देखण्या कागदावर टाइप केलं नव्हतं. संपल्यावर मी अरबी कागदाला हात घातला.

"रुजवात राहू दे," काका म्हणाले. "मी केलीय."

मी बरं म्हटलं. मला अरबी वाचता येत होतं आणि कागद हातभर अंतरावर होता. मी तो वाचला नाही.

संदेश गेला. दहाव्या दिवशी त्याने फोटो पाठवला. वाळू, मागे मेंढ्यांचा कळप आणि मध्ये हा, डोक्याला फडकं बांधून. आई म्हणाली, सुट्टीचा फिरायला गेला असेल. मी फोन लावला तर म्हणाला, "ताई, गाडी कसली, हितं रस्ता पण नाय. काकांना विचार ना, काय चूक झाली असेल तर ते बघतील." त्याच्या आवाजात रडू होतं. ते लपवायला तो मध्येच खोकत होता.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात लवकर गेले. संदेशची फाईल काढली, अरबी झेरॉक्स पसरली आणि हिरवी डिक्शनरी पुढ्यात ओढली. कामाचा प्रकार लिहिला होता त्या ओळीवर बोट ठेवलं. पाहुणे बाहेर काढले. रा, ऐन, या. पान उघडलं. शेळ्यामेंढ्या राखणारा.

आणि त्याच्यापुढे समासात पेन्सिलीचं टिंब होतं. शेजारी बारीक अक्षरात संदेशचा फाईल नंबर.

मी आजपर्यंत पुष्कळदा फसले आहे. भाजीवाल्यांनी फसवलंय, एका स्थळानेही फसवलंय. पण त्याचा पुरावा असा नंबर घालून कुणी ठेवला नव्हता. त्यांनी शब्द बघितला होता. पाठ असूनही, शिस्तीने उघडून बघितला होता, टिंब दिलं होतं, नंबर घातला होता. आणि मग कागदावर ड्रायव्हर लिहिलं होतं.

काका आले. मी उघडं पान त्यांच्याकडे फिरवलं. त्यांनी चष्मा न लावताच ओळखलं.

"एजंटने तसंच लिहायला सांगितलेलं," ते म्हणाले. "त्याचे सगळे कागद तसेच असतात. आज नाही, पहिल्यापासून."

"तो संदेश आहे, काका. तुम्ही त्याच्यासमोर बसून जेवलायत."

"मीपण तसाच गेलो होतो. मेलो नाही. शिकेल तोपण."

"म्हणून पाठवलंत?"

त्यांनी टेबलावरचे कागद उचलून त्यांच्या कडा जुळवल्या. आधीच जुळलेल्या होत्या. "रुजवात नको म्हटलं ना तुला," ते हळू म्हणाले, जणू मला त्यातून बाजूला ठेवून त्यांनी माझ्यावर उपकार केला होता. संदेशची अरबी झेरॉक्स मी पर्समध्ये घातली. मी त्या दिवशी नोकरी सोडली.

संदेशला परत आणायचं तर वकिलातीत तक्रार करायची, आणि तक्रारीला कराराचं खरं भाषांतर जोडायचं. एक डिक्शनरी मी मागवली, दुसरी एका ओळखीच्या मदरशातल्या मास्तरांकडून चार दिवसांसाठी आणली. चार दिवस मी घरात दुसरं काही केलं नाही. पूर्ण करार एकटीने केला. पण रुजवातीला दुसरं माणूस लागतं, आणि अरबी-इंग्रजी दोन्ही वाचणारं दुसरं माणूस मला एकच माहीत होतं. राग गिळून मी खारीला त्यांच्या खोलीवर गेले.

त्यांनी दार उघडलं. मूळ कागद माझ्या हातातून घेतला आणि खाली चटईवर बसले. मी वाचायला लागले. दोन कलमं गेली, तीन गेली. राहण्याच्या कलमापाशी त्यांनी हात वर केला.

"खोली कुठे लिहिलंय? अंदाज लावलास. उघड."

मी उघडलं. तंबू होता. मी खोली खोडून तंबू लिहिलं. ते मान हलवून म्हणाले, "हां. आता बरोबर." त्यांच्या चेहऱ्यावर अगदी तेच समाधान होतं, तालीम सापडली त्या दिवशीचं. स्वतःच्या विरुद्धचा कागद हा माणूस किती मन लावून तपासत होता! मला क्षणभर वाटलं, आता हे सगळं निस्तरतील.

मी पेन पुढे केलं. "खाली लिहा. आधीचं भाषांतर खोटं होतं म्हणून."

त्यांनी पेनाकडे बघितलं. मग कागद घडीवर घडी जुळवून माझ्या हातात ठेवला. "भाषांतर चांगलं झालंय, बाय. सही नको मागू."

"काका, तो तिथे तंबूत राहतोय."

"सही नको मागू," ते परत म्हणाले आणि उठून चहाचं आधण ठेवायला लागले. मी चहा न घेता निघाले. जिना उतरताना मला रडू आलं, आणि ते संदेशसाठी नव्हतं याची मला तेव्हाच लाज वाटली.

शेवटी विचारत विचारत शोधून काढलेल्या भाईंदर वेस्टच्या एका ऑफिसातल्या भाषांतरकाराने माझा कागद ओळीला ओळ लावून बघितला आणि सही दिली. "कुणाकडे शिकलात?" त्याने विचारलं. "कडक आहे काम." मी म्हटलं, असंच, शिकले.

संदेश सात महिन्यांनी आला. निम्मा झाला होता, काळा पडला होता आणि मेंढ्यांना हाकायचे चार-पाच अरबी शब्द सोडले तर त्याला ती भाषा येत नव्हती. मी त्याला फोनवर एवढंच सांगत आले होते की एजंटने फसवलं. बाकीचं सांगायला तोंड उघडत नव्हतं. आल्याच्या तिसऱ्या दिवशी तो नवा शर्ट घालून बाहेर गेला आणि दोन तासांनी आला.

"काकांकडे गेलेलो खारीला," तो म्हणाला. "थँक्यू म्हणायला. खोलीला कुलूप हाय. शेजारची बोलली, गावाला गेले, सामान घेऊन. कुणाला सांगितलं पण नाही." तो पाटावर बसला. "त्यांनी तुला शिकवलं नसतं ताई, तर मी तिथेच मेलो असतो. देवमाणूस."

माझ्या हातातलं ताट मी खाली ठेवलं. हा शब्द मला ऐकवेना.

"संदेश, आधीचा कागद त्यांनीच केला होता. ड्रायव्हर त्यांनीच लिहिलं. बघून, समजून लिहिलं."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आणि टाइप?" त्याने विचारलं. "टाइप कोणी केलेलं?"

"मी," मी म्हटलं.