ह्यातलो कोण गेलो?

मालवणात बाबलदादाच्या दुकानात जुनी व्हिडिओ कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला गेलं, की तो आपलं नाव विचारायच्या आधी विचारायचा, "ह्यातलो कोण गेलो?" माणसं लग्नाची, मुंजीची कॅसेट हौसेने आणायची आणि दारातच हा प्रश्न! नवखे चपापायचे. आम्ही ओळखीचे निमूटपणे नावं सांगायचो, ती तो डबीवर पेन्सिलीने लिहायचा.

त्या नावांवरून मशीन ठरायचं. दुकानात दोन कॉम्प्युटर होते. नव्यात ग्राफिक्स कार्ड होतं. तासाभराच्या चित्रीकरणाची फाइल ते दहा मिनिटांत तयार करायचं. जुन्यात कार्ड नव्हतंच, सगळा भार एकट्या प्रोसेसरवर, त्यामुळे त्याच कामाला सकाळची संध्याकाळ व्हायची. खाऱ्या वाऱ्याने त्याची पेटी गंजली होती आणि पंखा दमेकऱ्यासारखा वाजायचा. सगळे हयात असतील तर नवं मशीन, एक जरी गेलेला असेल तर जुनं. ते सुरू करताना दादा हात जोडून गाऱ्हाणं घालायचा, "बा देवा म्हाराजा, गेलेलो माणूस परत दिसाक येता आसा, तेका सांभाळून घेवन ये, म्हाराजा!" आणि "व्हय म्हाराजा" हे जमलेल्यांनी म्हणायचं, तेही तोच म्हणायचा.

मी कुडाळला एका कारखान्यात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. मला हे बघून हसू यायचं. "दादा, निदान रॅम तरी वाढव," मी एकदा म्हटलं.

"रॅम घालून ह्यो धावाचो नाय रे. प्रोसेसरच म्हातारो आसा." मग त्याने एकच दृश्य दोन्ही मशीनवर काढून दाखवलं. "बघ. कार्ड धावता, पण धावताना काळोखातल्या माणसांचे चेरे पुसता. म्हातारो एकेक चेरो बघीत जाता. गेलेल्या माणसाक घाई करू नये."

ते खरंच होतं. जुन्या, दाणेदार चित्रात कार्डाच्या फाइलमध्ये कोपऱ्यातली माणसं तेल लागल्यासारखी फिसकटलेली दिसत होती. चूक काढायला जागा नव्हती, याचाच मला जास्त राग आला.

गेल्या वर्षी मी, आता शाळेत जाणाऱ्या माझ्या मुलीच्या बारशाची जुनी कॅसेट नेली. चित्रीकरण दादानेच केलं होतं. घरातल्या घरात झालेलं बारसं, त्यात मोजून नऊ माणसं. "कोण नाही गेलेलं," मी म्हटलं. "नऊच्या नऊ आहेत." दादाने कॅसेट उतरवून घेतली. उतरेपर्यंत तासभर तो पडद्यासमोरून हलला नाही. मग उठला, जुनं मशीन लावलं आणि हात जोडले.

"दादा, अरे सगळे जिवंत आहेत!"

"आसत. तरी आज ह्येच मशीन."

"का? कोण?"

त्याने फाइल काढायला लावली. पंखा घरघरू लागला. मी बाहेर येऊन आईला फोन केला, बायकोला केला, भावाला केला. मग मोटारसायकल काढून थेट मुलीच्या शाळेत गेलो आणि तिला भर वर्गातून बाहेर बोलावलं. "बाबा, काय झालं?" ती विचारत राहिली. मी तिला घरी आणलं आणि दिवसभर नजरेआड होऊ दिलं नाही.

संध्याकाळी पेनड्राइव्ह देताना दादाने विचारलं, "घरातली सगळी बरी आसत मां?"

"बरी आहेत," मी तोडूनच बोललो. त्याला कसा आहेस विचारायचं माझ्या मनातही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर वर करताना बाबलदादा तिथेच कोसळला, तो उठलाच नाही.

तेराव्यानंतर मी ती फाइल लावली. पाळण्याभोवती आम्ही नऊजण. कॅमेरा वळतो, आणि काळोख्या कोपऱ्यातल्या कपाटाच्या आरशात क्षणभर दहावा दिसतो. खांद्यावर कॅमेरा, एक डोळा मिटलेला, दुसरा थेट माझ्याकडे. भुवईचा केस न् केस दिसतो.

मग मी तीच कॅसेट आमच्या कारखान्यातल्या नव्या मशीनवर उतरवली आणि कार्ड लावून फाइल काढली. दहा मिनिटांत झाली. तिच्यात आरशात फक्त काळा डाग आहे.

त्या दिवशी मी माझी सगळी माणसं मोजली होती. बाबलदादाला मोजायचं राहिलं.